क्लच बदलताना फ्लायव्हीलचे आणि क्लचचे जुने बोल्ट पुन्हा लावावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० सालची स्कोडा लॉरा, दोन लिटर डिझेल, हाताने गिअर टाकण्याची, १,४०,००० किलोमीटर चाललेली. क्लच घसरू लागला म्हणून गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा फ्लायव्हीलही (इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला मागे जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) खिळखिळे झाल्याचे दिसले आणि तेही बदलायचे ठरले. क्लचचा संच आणि नवे फ्लायव्हील आले, पण खोक्यात फ्लायव्हीलचे बोल्ट निघाले नाहीत आणि ते मागवायला आठ-दहा दिवस लागतील. मेकॅनिकचे म्हणणे असे की जुने बोल्ट ठणठणीत आहेत, आटे स्वच्छ आहेत, थेंबभर लॉकटाइट (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट पदार्थ) लावून ते बसवता येतील. आणि क्लचचे बोल्ट तर कोणीच बदलत नाही. हा अनुभवाचा बोल समजावा की घाईचा, असे आपण विचारले आहे.

आपल्या गाडीपुरते उत्तर आधी देतो. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच लावावेत आणि त्यासाठी आठ दिवस थांबावे लागले तरी थांबावे. क्लच कव्हरचे, म्हणजे प्रेशर प्लेटचे बोल्ट तपासून पुन्हा लावता येण्याची शक्यता बरीच आहे, पण ती काही अटींवर अवलंबून आहे. मी सत्तावीस वर्षे भोसरी परिसरात गिअरबॉक्स आणि क्लचचीच कामे प्रामुख्याने करत आलो आहे. त्यांतली पहिली काही वर्षे मीही आपल्या मेकॅनिकसारखेच बोलत असे, त्यामुळे त्याचा मुद्दा मला परका वाटत नाही. तो खोटे बोलत नाही. तो बोल्टकडे पाहून उत्तर देत आहे, आणि या बोल्टच्या बाबतीत पाहून कळण्यासारखे फारच थोडे असते.

खरा प्रश्न बोल्ट चांगला दिसतो की नाही हा नाही. तो बोल्ट पहिल्या वेळी कोणत्या पद्धतीने आवळला होता आणि दुसऱ्या वेळी तेवढीच पकड तो देऊ शकेल का, हा आहे. फ्लायव्हीलचे बोल्ट आणि क्लच कव्हरचे बोल्ट एकाच कामात, एकाच ताटलीत निघत असले तरी या प्रश्नाला त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे असे समजावे. आपण तो आवळतो तेव्हा तो किंचित लांबतो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. फ्लायव्हील क्रँकशाफ्टला धरून राहते ते या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने. बोल्टच्या दांड्याने फ्लायव्हीलला आडवे अडवून धरावे, अशी त्या जोडाची रचनाच नसते. दाब पुरेसा असेल तर बोल्टला आडवा मार जवळजवळ बसतच नाही. दाब कमी पडला की फ्लायव्हील क्रँकच्या तोंडावर सूक्ष्म सरकू लागते आणि मग तोच बोल्ट प्रत्येक स्फोटागणिक दोन्ही बाजूंनी ठोकला जातो. आपल्या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४० पीएसच्या आवृत्तीत ३२० न्यूटन मीटर आहे, पण तो सरासरीचा आकडा आहे. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये प्रत्येक स्फोटाच्या क्षणी क्रँकच्या टोकाशी येणारा झटका त्याच्या कित्येक पट असतो आणि लगेच पुढच्या दाबफेरीत तो उलट दिशेने ओढतो.

आता हे बोल्ट आवळण्याच्या दोन पद्धती पाहू. जुनी आणि साधी पद्धत म्हणजे टॉर्क रेंचवर ठरावीक आकडा लावून आवळणे. तिची अडचण अशी की रेंचवर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के प्रत्यक्ष बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे आटे कोरडे, तेलकट किंवा गंजके असतील त्याप्रमाणे रेंचने तोच आकडा दाखवूनही प्रत्यक्ष पकड बरीच कमीजास्त होते. त्यामुळे या पद्धतीत बोल्ट मुद्दाम त्याच्या मर्यादेच्या बराच आत ठेवतात. असा बोल्ट सोडला की मूळ लांबीवर परत येतो आणि तो खराब झालेला नसेल तर पुन्हा लावता येतो.

दुसऱ्या पद्धतीत आधी बेताचा टॉर्क देतात आणि त्यानंतर बोल्ट ठरावीक कोनातून फिरवतात. फोक्सवॅगन समूहाच्या बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत, आणि आपली लॉरा त्यांतच मोडते, फ्लायव्हीलच्या बोल्टसाठी ६० न्यूटन मीटर आणि त्यानंतर ९० अंश असा आदेश आहे, सोबत बोल्ट बदला अशी स्पष्ट सूचना आहे. कोनाचा फायदा असा की घर्षण कितीही असो, पाव फेरा म्हणजे पाव फेराच. या पद्धतीने बोल्ट त्याच्या लवचीक मर्यादेच्या टोकापर्यंत आणि बहुधा थोडा पलीकडे नेला जातो, जिथे पकड जास्तीत जास्त आणि सगळ्या बोल्टमध्ये जवळजवळ सारखी मिळते. त्याची किंमत म्हणून बोल्ट थोडा कायमचा लांबतो.

हे किती लांबणे असते याचा साधा हिशोब करून पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या मेकॅनिकला बोल्ट ठणठणीत का दिसतात ते त्यातून कळते. फ्लायव्हीलचा बोल्ट आखूड असतो. डोके आणि क्रँकमधले आटे यांच्या दरम्यान पकडीत येणारी लांबी बहुधा एक ते दीड सेंटीमीटर; आट्यांत आणि डोक्यात पसरणारा ताण धरला तरी ताणला जाणारा भाग फार तर अडीच सेंटीमीटर. १०.९ या ताकदीच्या प्रतीच्या पोलादात हा तुकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा लांबला की परत येण्याची त्याची हद्द संपते. बोल्टच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बोल्ट जेवढा पुढे जातो ते अंतर, एक मिलिमीटर असेल तर ९० अंशांत बोल्ट पाव मिलिमीटर पुढे जातो, आणि तोही ६० न्यूटन मीटरने आधीच ताणून झाल्यावर. थोडी हालचाल भागांच्या दबण्यात मुरते हे खरे, पण उरलेली हालचाल हद्द ओलांडायला पुरेशी असते. आणि एवढे होऊनही बोल्टची कायमची वाढ येते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची, म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या आसपासची. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही आणि गॅरेजमधल्या सर्वसाधारण व्हर्नियरवर खात्रीने मोजताही येत नाही. सिलिंडर हेडचा बोल्ट तळहाताएवढा लांब असल्याने त्याची वाढ मोजता येते, आणि टोयोटाच्या काही इंजिनांच्या दुरुस्ती पुस्तिकांत लांबीची किंवा व्यासाची मर्यादा देऊन असे हेड बोल्ट पुन्हा वापरू दिले आहेत. म्हणून कोन दिसला की बोल्ट फेकायचा, असा सरसकट नियमही मी सांगणार नाही. फ्लायव्हीलच्या आखूड बोल्टला मात्र ही मोजमापाची सवलत मिळत नाही, आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ती दिलेलीही नाही.

एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा लावला तर लगेच तुटतोच असे नाही. बहुतेक वेळा तो आवळताना नव्यासारखाच लागतो आणि म्हणूनच फसवतो. दुसऱ्या फेरीत होते असे की त्याच्याकडे ताणला जाण्याची जी राखीव क्षमता होती तिचा एक भाग आधीच वापरला गेलेला असतो, आटे एकमेकांवर घासून त्यांचा लेप गेलेला असतो, त्यामुळे घर्षण बदललेले असते, आणि सहा बोल्टांपैकी कोणता किती उरला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. १०.९ प्रतीच्या एम १०, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या, बारीक आट्यांच्या बोल्टकडून या जोडात सुमारे साडेचार ते पाच टनांची पकड अपेक्षित असते. सहापैकी दोघांनी तीनच टन दिले तर गाडी सुरू होते, चालते, आपण मेकॅनिकचे आभार मानून घरी जाता, आणि जोड सैल होण्याची प्रक्रिया तेव्हाच सुरू झालेली असते.

मेकॅनिकने केवळ टॉर्कवर, कोन न देता, जुने बोल्ट आवळण्याचा मध्यममार्ग सुचवला तर तोही स्वीकारू नये. ६० न्यूटन मीटरवर थांबले तर पकड अपेक्षेपेक्षा कमी राहते. अंदाजाने ९० किंवा १०० लावले तर मगाशी सांगितलेल्या घर्षणाच्या गोंधळात आपण पुन्हा सापडतो.

दुसरे कारण तेलाचे आहे, आणि ते मी माझ्या पैशाने शिकलो. अनेक इंजिनांत क्रँकच्या मागच्या तोंडावरील बोल्टची छिद्रे आरपार असतात, म्हणजे त्यांचे दुसरे टोक थेट क्रँककेसमध्ये उघडते. तिथून तेल आट्यांच्या वाटेने बाहेर येऊ नये म्हणून नव्या बोल्टवर कारखान्यातूनच रंगीत लेप दिलेला असतो. या लेपातले सूक्ष्म कण पहिल्यांदा आवळताना फुटतात, आतला चिकट पदार्थ आट्यांत पसरून घट्ट होतो आणि एकाच वेळी बोल्टला सैल होण्यापासून व तेलाला बाहेर येण्यापासून अडवतो. हे काम तो एकदाच करतो. मी धंद्यात नवा असताना एका पेट्रोल गाडीचे फ्लायव्हीलचे बोल्ट डिझेलने धुऊन, वायर ब्रशने चकाचक करून पुन्हा लावले. दीड महिन्याने गाडी सुटताना क्लच थरथरतो म्हणून ग्राहक परत आला. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट तेलाने माखलेली. मागचे ऑइल सील गेले असे समजून सील बदलले, नवी प्लेट बसवली आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवल्यावर बोल्टच्या डोक्यांभोवती तेलाची कडी दिसली. एका बोल्टच्या संचाच्या पैशांसाठी दोन प्लेटा, एक सील आणि तीन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून फ्लायव्हीलच्या मागे तेल दिसले की मी सीलवर संशय घेण्याआधी बोल्टची डोकी पाहतो.

मग बाटलीतले लॉकटाइट चालणार नाही का, हा पुढचा रास्त प्रश्न आहे. ज्या गाड्यांत निर्माता बोल्ट पुन्हा वापरू देतो आणि आट्यांना असा पदार्थ लावायला सांगतो, तिथे ते चालते; किंबहुना तिथे ते लावलेच पाहिजे. त्यासाठी बोल्टचे आणि क्रँकमधले असे दोन्हीकडचे आटे तेलविरहित असले पाहिजेत, कारण तेलावर हा पदार्थ नीट धरत नाही. पण लॉकटाइट बोल्टला सैल होऊ देत नाही एवढेच. गेलेली ताणशक्ती ते परत आणत नाही. आपल्या मेकॅनिकचा थेंब तेलाच्या प्रश्नावर कदाचित उत्तर असेल, पकडीच्या प्रश्नावर नाही.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी क्लचचे काम झालेली एक डिझेल गाडी माझ्याकडे आली होती. तिचा आवाज मेन बेअरिंग गेल्यासारखा, खोल ठोके पडल्यासारखा होता, आणि इंजिन खोलण्याचा अंदाजही मालकाला मिळालेला होता. इंजिन निष्क्रिय चालीवर असताना क्लचचे पेडल दाबले की ठोक्यांचा सूर बदलत होता, तेलाचा दाब मात्र उत्तम होता, म्हणून आधी गिअरबॉक्स उतरवू असे मी सुचवले. आत दोन बोल्ट हाताने फिरत होते, एकाचे डोके तुटून खाली पडले होते आणि फ्लायव्हील व क्रँकच्या तोंडांमध्ये लालसर तपकिरी भुकटी साचली होती. दोन पोलादी पृष्ठभाग दाबाखाली सूक्ष्म घासत राहिले की अशी भुकटी तयार होते. ते बोल्ट जुने लावले म्हणून सैल झाले की हवेच्या गनने कसेतरी ठोकून लावले म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही असावे. पण त्या मालकाला क्रँकशाफ्टचे तोंड तपासून घ्यावे लागले आणि फ्लायव्हील फेकावे लागले. नशिबाने क्रँक वाचला.

आता क्लच कव्हरच्या बोल्टकडे येतो. इथे आपल्या मेकॅनिकचे म्हणणे बऱ्याच अंशी योग्य आहे. हे बोल्ट सहसा लहान असतात, बहुतेक गाड्यांत एम ६ ते एम ८, अनेकदा ८.८ या प्रतीचे, आणि त्यांना साधा टॉर्क सांगितलेला असतो. एम ८ आकाराला तो साधारण २० ते २५ न्यूटन मीटरच्या दरम्यान येतो आणि एम ६ ला त्याहून बराच कमी. ते लवचीक मर्यादेच्या आतच राहतात. छिद्रे फ्लायव्हीलमध्ये असल्याने इंजिनाच्या तेलाशी त्यांचा संबंध नसतो, आणि कव्हर जागेवर राखण्यासाठी बहुतेक फ्लायव्हीलवर डॉवेल पिना असतात. मारुतीच्या लहान गाड्यांचे असे बोल्ट मी शेकड्यांनी पुन्हा लावले आहेत आणि त्याबद्दल मला कधी पस्तावा झालेला नाही.

तरीही मी ते न पाहता लावत नाही. आटे स्वच्छ करून प्रत्येक बोल्ट भोकात हाताने शेवटपर्यंत जातो का, हे पाहतो. मध्येच जड गेला तर तो बाद. डोक्याचे कंगोरे गेलेले, दांड्यावर गंजाने खड्डे पडलेले किंवा कव्हर सैल राहून एका बाजूला घासल्याची चमकदार खूण असलेले बोल्ट बाद. सहांपैकी एक जरी बाद झाला तरी मी सहाही बदलतो, कारण बाकीच्या पाचांनी त्याच परिस्थितीत दिवस काढलेले असतात. स्प्रिंग वॉशर चपटे झाले असतील तर तेही नवे. आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेत त्या बोल्टसमोर बदला असे लिहिलेले असेल किंवा नव्या बोल्टवर रंगीत लेप येत असेल, तर माझी शेकडो मारुतींची साक्ष तिथे लागू होत नाही. आपण फ्लायव्हीलचे बोल्ट मागवतच आहात, तर त्याच मागणीत हे सहा बोल्टही घालून टाकावेत. खर्च काही शे रुपयांनी वाढेल आणि तपासण्याची कटकट मिटेल.

एक चूक मात्र करू नये. पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर याच जाडीचे आणि आट्यांचे बोल्ट दहा मिनिटांत मिळतील, पण लांबी आणि डोक्याखालचा खांदा जुळलाच पाहिजे. आपल्या गाडीचे फ्लायव्हील दुहेरी वस्तुमानाचे आहे. त्यात दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगा असतात आणि बाहेरची चकती आतलीच्या तुलनेत थोडी फिरते. कव्हरचा बोल्ट दोन-तीन मिलिमीटर जरी जास्त लांब असला तरी तो बाहेरच्या चकतीतून आरपार जाऊन आतलीला टेकू शकतो. असे झाले की फ्लायव्हीलची स्प्रिंग अडकते आणि नवे महागडे फ्लायव्हील पहिल्या दिवसापासून आवाज करू लागते. फ्लायव्हीलच्या बोल्टचेही तेच: त्याच इंजिनावर कोणी एकसंध फ्लायव्हील बसवले तर बोल्टची लांबी वेगळी निघू शकते, म्हणून केवळ इंजिनाच्या नावावर नव्हे तर फ्लायव्हीलच्या क्रमांकावर बोल्ट मागवावेत. आणि मागवण्याआधी फ्लायव्हीलच्या खोक्याचा तळ व आतली पुठ्ठ्याची घडी पुन्हा एकदा पाहावी. काही खोक्यांत बोल्टची पिशवी तिथे चिकटवलेली असते आणि ती खोक्यासह कचऱ्यात गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा केवळ क्लच जात आहे आणि फ्लायव्हील चांगले आहे, त्यांच्यासाठी एक वाक्य वेगळे सांगतो: फ्लायव्हील काढायचेच नसेल तर त्याच्या बोल्टना हात लावू नये. घट्ट आहेत ना म्हणून एक झटका देऊन पाहण्याची सवय अनेकांना असते. कोनाने आवळलेल्या बोल्टला तो झटका आणखी ताणतो, आणि आट्यांत घट्ट झालेला लेप फोडून तेलाला वाट करून देतो. मागच्या सीलमधून तेल येत असेल, फ्लायव्हीलला भेगा किंवा खोल निळे डाग असतील, तोंड खरवडून घ्यायचे असेल किंवा दुहेरी फ्लायव्हीलमध्ये मर्यादेबाहेर खेळ असेल, तरच ते उतरवावे. दुहेरी फ्लायव्हील लेथवर फेस करायला देऊ नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

बोल्ट आल्यावर ते बसवण्याची पद्धत मेकॅनिकसमोर उभे राहून पाहिलीत तरी तो रागावणार नाही, अशी आशा आहे. क्रँकच्या छिद्रांत जुन्या लेपाचे कण राहिलेले असतात. ते योग्य मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून काढावेत आणि छिद्रे हवेने साफ करावीत; टॅपने नवे आटे कापले जाणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. क्रँकचे तोंड आणि फ्लायव्हीलची मागची बाजू कोरडी व स्वच्छ हवी, कारण आखूड बोल्टच्या जोडात रंगाचा किंवा गंजाचा पातळ थर नंतर दबला तरी पकड लक्षणीय उतरते. आपल्या इंजिनात छिद्रांची मांडणी किंचित असमान असते, त्यामुळे फ्लायव्हील एकाच स्थितीत बसते. बसत नसेल तर ठोकू नये, फिरवून पाहावे. लेप असलेल्या नव्या बोल्टवर वरून लॉकटाइट किंवा तेल लावू नये. सगळे बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने ६० न्यूटन मीटरपर्यंत, आणि सगळे तिथे पोहोचल्यावरच प्रत्येकाला ९० अंश. डोक्यावर रंगाची खूण केली तर पाव फेरा डोळ्यांनीही नीट दिसतो. फ्लायव्हील फिरू नये म्हणून दातेरी कड्याला धरणारे साधे कुलूप मिळते, ते वापरावे. स्क्रू ड्रायव्हर अडकवून दात आणि कवच दोन्ही तुटलेली मी पाहिली आहेत. हवेच्या गनचा उपयोग या टप्प्यावर अजिबात नको. दुहेरी फ्लायव्हीलमध्ये बोल्ट बाहेरच्या चकतीच्या छिद्रांतून आत जातात, ती छिद्रे बोल्टच्या नेमकी समोर आणूनच सॉकेट घालावे.

क्लच कव्हरच्या बाबतीत टॉर्कच्या आकड्याइतकाच क्रम महत्त्वाचा आहे. कव्हरमधली डायफ्रॅम स्प्रिंग बोल्ट आवळताना दबत जाते. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळून मग दुसऱ्याकडे वळले तर कव्हर वाकडे होते आणि नवा क्लच थरथरू लागतो. मग लोक प्लेटला दोष देतात. प्लेट मध्यावर धरणारा खोटा शाफ्ट घालून, समोरासमोरचे बोल्ट एक-एक फेऱ्याने आवळत न्यावे. आणखी एक गोष्ट, जी अनेक गॅरेजांत राहून जाते: ४० ते २०० न्यूटन मीटरच्या मोठ्या टॉर्क रेंचवर हे लहान बोल्ट आवळता येत नाहीत, कारण त्याच्या पट्टीवर हा आकडाच नसतो. लहान रेंच नसेल तर तो बोल्ट अंदाजाने लागतो आहे असे समजावे.

आपल्या लॉरामध्ये गिअरबॉक्स उतरवताना आणखी काही बोल्ट निघालेले असतील. सबफ्रेमचे (गाडीखालच्या आडव्या चौकटीचे) आणि गिअरबॉक्सच्या खालच्या माउंटचे बोल्टही या गाडीत टॉर्क आणि कोन अशाच पद्धतीने आवळायचे असतात आणि त्यांच्यासमोरही बदला असेच लिहिलेले आहे. सगळी चर्चा फ्लायव्हीलवर होते आणि सबफ्रेमचे बोल्ट गुपचूप जुनेच जातात, म्हणून मागणीची यादी करताना मेकॅनिककडून काढलेल्या प्रत्येक बोल्टची जागा लिहून घ्यावी आणि ती पुस्तिकेशी ताडून पाहावी. बीएमडब्ल्यूच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम कवचाच्या एन ५२ इंजिनात तर गिअरबॉक्सचे बाहेरचे बोल्टसुद्धा ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदाच वापरायचे असतात. आपल्या गाडीत तो प्रकार नाही, पण गिअरबॉक्सचे बाहेरचे बोल्ट सगळीकडे पुन्हा चालतात असे मानणाऱ्यांसाठी सांगितले.

राहता राहिला आठ दिवसांचा प्रश्न. गिअरबॉक्स खाली असलेली गाडी गॅरेजची जागा अडवते, आणि आपल्या मेकॅनिकची घाई बहुधा तिथून आली आहे. त्याला जागेचे थोडे भाडे देऊ केलेत तर तो थांबेल. तेही जुन्या बोल्टसह गिअरबॉक्स चढवून पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. दरम्यान मागचे ऑइल सील, रिलीज बेअरिंग आणि लॉरामध्ये त्या बेअरिंगला जोडलेला हायड्रॉलिक भाग यांची पाहणी करून घ्यावी, कारण तिथे हात पोहोचण्याची हीच वेळ आहे.

जुने सहा बोल्ट मेकॅनिककडून मागून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या आट्यांवर ग्राइंडरने एक आडवा चर पाडावा. माझ्या गॅरेजमध्ये हा नियम आहे, कारण चकचकीत दिसणारा बोल्ट डब्यात पडून राहिला की कोणत्या ना कोणत्या संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर, तो कोणाच्या तरी गाडीत जातोच.